विद्यापीठवाले मालवणी आवाज रेकॉर्ड करायला येतायत, द्यावा का? सल्ला हवाय

सागरकन्या_मालवण
नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यात किनाऱ्यावर आमचं गाव आहे, तिथल्या मच्छीमार सोसायटीत मी सेक्रेटरीचं काम बघते. गेल्या आठवड्यात एका विद्यापीठातले दोन सर आणि त्यांच्याबरोबर पीएचडी करणारी एक मुलगी असे तिघं येऊन गेले. त्यांचं काम एआय आणि भाषा या विषयातलं आहे, आपण मालवणीत बोललेलं मोबाईलला कळावं म्हणून ते लोकांचे आवाज गोळा करतायत. आमच्या गावातली साठेक माणसं त्यांना हवीयत, बायका, पुरुष, म्हातारे, तरणे सगळे, प्रत्येकानं अर्धा-पाऊण तास बोलायचं आणि त्याचं मानधन मिळणार. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळे घरी जाळी शिवत बसलेले असतात म्हणून त्यांनी हेच दिवस धरलेत.

माणसं मला चांगली वाटली. जेटीवर बसून तांडेलांशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांशी बोलली, उधाण-भांगाचं, म्हणजे मोठ्या-लहान भरतीचं म्हातारे सांगत होते ते मध्ये न तोडता ऐकून घेतलं. पण ते गेल्यावर सोसायटीत दोन तट पडलेत. काही जण म्हणतायत करूया, हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून मासे कुठे मिळतील त्याचा सल्ला देते, हवामान खात्याचे इशारे येतात, ते आपल्या बोलीत विचारता आलं तर वाचता न येणाऱ्या खलाशालाही उपयोग होईल. बाकीच्यांना भीती की आवाज दिला तर त्याची नक्कल करून घरच्यांना फोन करतील. ही भीती उगाच नाहीये, शेजारच्या वाडीतल्या एका काकूंना मुलाच्या आवाजात फोन आला, "आई मी पोलीस स्टेशनात आहे, पैसे पाठव", मुलगा मुंबईला, त्या पासबुक घेऊन निघाल्याच होत्या, बँकेतल्या पोराने आधी मुलाला फोन लावायला लावला म्हणून वाचल्या.

मला स्वतःला खटकलं ते त्यांचं फॉर्म. नाव, वय, गाव, समाज, मोबाईल, आधार नंबर, बँक खातं सगळं एका पानावर, आणि पान अख्खं इंग्रजीत. शेवटी सहीच्या वर एक ओळ आहे की ही माहिती संशोधनासाठी "आणि इतर कामांसाठी" वापरली जाईल. इतर कामं म्हणजे कुठली ते त्या मुलीलाही सांगता आलं नाही. माझ्या शब्दावर बायका सही करतील हे मला माहितीय, त्यामुळे मला आधी नीट समजून घ्यायचंय. या क्षेत्रातलं कोणी असेल तर सांगा, आवाज देणं धोक्याचं आहे का आणि त्यांना नेमकं काय विचारायचं.

कुडाळकर_स्पीच
ताई, मी मूळचा कुडाळचा, सध्या बाहेर स्पीच रेकग्निशनवर, म्हणजे मशीनला माणसाचं बोलणं ओळखायला शिकवण्यावर पीएचडी करतोय. तुमच्याकडे आलेल्या टीमशी माझा काही संबंध नाही, पण काम असंच करतो त्यामुळे आतलं थोडं सांगतो.

आधी हे आवाज कशाला लागतात ते. ओपनएआय कंपनीचं व्हिस्पर म्हणून बोललेलं लिहून काढणारं एक मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्राम, २०२२ मध्ये आलं, ते ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं आहे, त्यातलं बहुतेक इंग्रजी, आणि इंग्रजी सोडून ९६ भाषा मिळून १ लाख १७ हजार तासांच्या आसपास. आता या ९६ भाषांत मराठीच्या वाट्याला किती येणार आणि जे येणार ते बातम्यांतलं, वाचून दाखवलेलं, प्रमाण मराठी. मालवणी त्यात जवळपास नाहीच. मग मशीन काय करतं, ऐकलेलं ओढूनताणून जवळच्या प्रमाण मराठीत बसवतं. मी माझ्या आत्येचं रेकॉर्डिंग एका अशाच मॉडेलला दिलं होतं, ती म्हणाली "माका काल ताप इललो, बाजारात जावक नाय". मशीननं लिहिलं "मका काल ताप आलेला, बाजारात जावं का नाही". म्हणजे बाई सांगतेय की मी गेले नाही आणि मशीनला वाटलं ती विचारतेय जाऊ का. हेच जर उद्या दवाखान्याच्या नाहीतर बँकेच्या फोनवर झालं तर केवढ्याला पडेल बघा. आणि हा प्रकार फक्त आपल्याकडे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये पाच मोठ्या कंपन्यांच्या बोलणं ओळखणाऱ्या सिस्टिम तपासल्या तेव्हा गोऱ्या अमेरिकन माणसांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे १९ चुका आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ चुका निघाल्या. इंग्रजीच दोघांची, पण बोलण्याची ढब वेगळी, तेवढ्यावर एवढा फरक.

त्यामुळे असं काम आता बरंच चाललंय. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या गटानं २०२४ मध्ये इंडिकव्हॉइसेस हा भारतीय भाषांतल्या आवाजांचा संग्रह काढला, १४५ जिल्हे, १६,२३७ माणसं, ७,३४८ तास. बेंगळुरूच्या आयआयएससीचा वाणी प्रकल्प आहे, तो जिल्हावार आवाज घेतो, माणसाला चित्र दाखवायचं आणि बघून जे सुचेल ते बोलायला सांगायचं. वाचायला दिलं की माणूस शाळेत उभा राहून धडा वाचल्यासारखं बोलतो, त्यातून बोली मिळत नाही, म्हणून मनातलं बोलणं हवं असतं. तुमच्याकडे अर्धा-पाऊण तास मागतायत ते यासाठीच.

आता फॉर्मचं. वय, बाई की पुरुष, कुठल्या भागातलं बोलणं, घरी काय बोलतात, एवढं संशोधनाला खरंच लागतं, नाहीतर नंतर कळत नाही की मॉडेल म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यात जास्त चुकतंय की तरुणांच्या. आधार नंबर संशोधनाला अजिबात लागत नाही. तो आणि बँक खातं मानधनासाठी विद्यापीठाचं अकाउंट्स खातं मागतं आणि संशोधक सगळं एकाच कागदावर घेऊन मोकळे होतात. ते वेगळं करायला सांगा, आणि विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या समितीची मंजुरी आहे का, असेल तर पत्राची प्रत मागा. चांगली टीम असेल तर हे विचारल्यावर रागवत नाही.

अजून एक, रेकॉर्ड केलेलं बोलणं लिहून कोण काढणार हे नक्की विचारा. २०२० नंतरच्या पद्धतीत नुसता आवाज भरपूर असला आणि त्यातला थोडाच लिहून काढलेला असला तरी मॉडेल शिकतं, पण तो थोडा भाग अचूक लागतो. तो जर मालवणी न येणाऱ्या माणसाकडे दिला तर तो सगळं प्रमाण मराठी करून ठेवतो आणि तुमची साठ माणसं बोलून काही उपयोग होत नाही. गावातल्या बारावी झालेल्या मुला-मुलींना ते काम द्यायला सांगा, त्याचे पैसे वेगळे.

रापणकार
माका ह्या पटना नाय. येतत, लिवन नेतत, मागे वळान बघनत नाय. आमच्या वाडीत पूर्वी एकदा असेच कोण कोण येऊन भजनं, देवाला घालतात ती गाऱ्हाणी रेकॉर्ड करून घेऊन गेले, आजोबांचा आवाज होता त्यात, आजोबा गेल्यावर आम्ही ती टेप मागितली, शेवटपर्यंत मिळाली नाही. आता तर विषय पैशाचा आहे, आज विद्यापीठ घेणार, उद्या कंपनी त्याच्यावर ॲप काढणार, आणि आमकाच महिन्याचे पैसे भरून वापरूक लावणार. सेक्रेटरीबाई, तुम्ही सही करायच्या आधी विचारा की रेकॉर्डिंगची एक प्रत गावात राहणार का. आदी ते कागद मराठीत करून येवंदेत, मगे बोलूया.

मिऱ्याबंदर
मी रत्नागिरीचा, सायबर सिक्युरिटीत नोकरी करतो, फसवणुकीच्या केसेस रोज बघतो म्हणून आवाजाच्या नकलेबद्दल आधी बोलतो कारण त्याचीच भीती जास्त आहे.

आवाजाची नक्कल करायला अर्धा तास लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये वॉल-ई नावाचं मॉडेल दाखवलं त्याला ३ सेकंदांचा नमुना पुरत होता. ३ सेकंद म्हणजे तुम्ही फोन उचलून "हॅलो, कोण बोलतंय, आवाज येत नाही" एवढं म्हणालात की झालं. फसवणाऱ्याला तुमच्या गावात येऊन मानधन द्यायची गरज नाही, त्याला इन्स्टाग्रामचं रील, व्हॉट्सॲप स्टेटस, जत्रेतला व्हिडीओ पुरतो. म्हणजे संशोधकांना आवाज दिला नाही म्हणून आपण नकलेपासून वाचलो असं होत नाही, आणि दिला म्हणून त्यात फार भर पडते असंही नाही.

खरा धोका त्या एका पानात आहे ताई, तुम्हाला जे खटकलं तेच. नुसता आवाज घेऊन चोर काय करणार, कोणाचा आहे हेच त्याला माहीत नाही. पण आवाज, नाव, मोबाईल, आधार, खातं एकत्र मिळालं की तो थेट घरी फोन लावू शकतो. विद्यापीठांतले लॅपटॉप चोरीला जातात, ड्राइव्हची लिंक चुकून सगळ्यांना उघडी राहते, यात कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. नाव काढून टाकलं की झालं असं बरेच जण मानतात, तेही पुरेसं नाही. अमेरिकेत लतान्या स्वीनी म्हणून संशोधक आहेत, त्यांनी २००० साली दाखवून दिलं की फक्त पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली ८७ टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येतील. आपल्याकडे तर "तांडेल, वय ६८, गाव अमुक" एवढं लिहिलं तरी अख्खा तालुका नाव सांगेल.

म्हणून त्यांना सांगा, आवाजाच्या फाईलवर फक्त कोड नंबर, कोड आणि नाव जुळवणारी यादी वेगळ्या जागी, कुलूपबंद, ती किती जणांकडे असणार ते लेखी. वय नेमकं नको, साठ ते सत्तर असं. गावाचं नाव नको, तालुका किंवा किनारपट्टीचा पट्टा चालेल. आणि बोलताना कोणी स्वतःचा फोन नंबर, मुलांची नावं, बोटीचा नंबर, कुठल्या बँकेत कर्ज आहे असलं काही बोललं तर तो तुकडा कापायचा. आपली माणसं गप्पांत रंगली की हे सगळं येणारच, त्यामुळे ज्याचं रेकॉर्डिंग त्याला एकदा ऐकवायचं आणि नको तो भाग काढायला लावायचा. हे मी उगाच ताणत नाहीये, २०२१ मध्ये निकोलस कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी जीपीटी-२ या मजकूर लिहिणाऱ्या मॉडेलमधून, ते शिकवताना वापरलेला मजकूर जसाच्या तसा बाहेर काढून दाखवला, त्यात खऱ्या माणसांची नावं, फोन नंबर होते. एकदा मॉडेलच्या पोटात गेलेलं कधी बाहेर येईल सांगता येत नाही.

यातूनच पुढचा प्रश्न, नंतर नको वाटलं तर काय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घ्यायचा हक्क आहे, संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत मागता येते, म्हणजे मराठीत मागता येते, आणि संमती ठरावीक कामासाठीच असते, "इतर कामं" असं मोघम लिहून चालत नाही. हो, संशोधनाला त्या कायद्यात काही सूट आहे आणि नियम टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, त्यामुळे कायद्याच्या भरवशावर न राहता सगळं करारातच लिहून घ्या. फाईल पुसता येते पण शिकून झालेल्या मॉडेलमधून एकाचा आवाज वेगळा काढणं जवळपास अशक्य असतं. म्हणून तारीख ठरवून घ्या, की अमुक दिवसापर्यंत कोणी नको म्हटलं तर त्याचा आवाज प्रशिक्षणात जाणारच नाही.

वाडीतल्या काकूंना आणि सगळ्यांनाच सांगा, असा फोन आला की ठेवायचा आणि आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर आपण लावायचा, बँकेतल्या मुलाने केलं ते अगदी बरोबर केलं. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पळतात.

वेंगुर्ल्याचे_गुरुजी
मी निवृत्त शिक्षक. वरची चर्चा वाचली, आनंद वाटला की आपल्या बोलीबद्दल एवढं कोणी बोलतंय. मला एकच सांगायचं आहे, मालवणी म्हणून एकच काही नसते. किनाऱ्यावरच्या गाबीत या मच्छीमार समाजाचं बोलणं वेगळं, कुडाळ बाजूचं वेगळं, सावंतवाडीच्या खाली उतरलात की गोव्याचा सूर लागतो, रत्नागिरीकडे गेलात तर संगमेश्वरी, दालदी, त्याच्या वर बाणकोटी. इंग्रजांच्या काळात ग्रियर्सन या अधिकाऱ्यानं केलेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा, १९०५ चा आहे, त्यात कोकणातल्या बोलींचे नमुने आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं अलीकडे मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून गावोगावचे आवाज इंटरनेटवर ठेवलेत, ते मी रोज संध्याकाळी थोडे थोडे ऐकत असतो. त्या संशोधकांना विचारा की त्यांनी ते ऐकलंय का. तुमच्या एकाच गावातली साठ माणसं घेऊन त्यावर "मालवणी" असा शिक्का मारला तर आंबोलीच्या पायथ्याच्या माणसाला ते यंत्र तसंच परकं राहील.

आणि बाजारात मासे विकणाऱ्या बायकांना पहिल्या नंबरावर घ्या. गिऱ्हाईकाशी बोलताना, आपसात बोलताना, भांडताना त्यांची बोली जेवढी सलग येते तेवढी आमच्यासारख्या शाळा शिकलेल्यांच्या तोंडून येत नाही.

पेडणे_एमटेक
नमस्कार, मी सीमेच्या पलीकडचा, पेडण्याचा, एमटेकला एआय सेफ्टीवर, म्हणजे एआयनं कोणाचं नुकसान करू नये यावर प्रोजेक्ट करतोय. एक बाजू राहिलीय असं वाटलं म्हणून लिहितोय.

आवाज दिला तर धोका, नाही दिला तर सुरक्षित, असं सगळे धरून चाललेत. पण जी भाषा मशीनला येत नाही त्या भाषेत मशीनवरचा पहाराही ढिला असतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे तपासलं. ओपनएआयच्या जीपीटी-४ या मॉडेलला इंग्रजीत घातक गोष्टी विचारल्या की ते नकार देतं. त्यांनी तेच ५२० प्रश्न मशीन ट्रान्सलेशननं झुलू, स्कॉट्स गेलिक, हमाँग, ग्वारानी असल्या कमी डेटाच्या भाषांत केले आणि विचारले, उत्तर आलं ते परत इंग्रजीत केलं. अशा भाषा आलटून पालटून वापरल्या तर ७९ टक्के वेळा पहारा चुकवता आला. एवढं सोपं, हॅकिंग म्हणावं असं त्यात काहीच नाही. नकार द्यायला शिकवलं ते मुख्यतः इंग्रजीत आणि मोठ्या भाषांत, बाकीच्यांत ते धड उतरलंच नाही.

आता हेच आपल्याकडे लावून बघा. शिवीगाळ, धमक्या, फसवणुकीचे मेसेज ओळखणारे फिल्टर मराठीत आत्ता कुठे होतायत, पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटानं मराठी ट्वीटवर महाहेट म्हणून डेटासेट, म्हणजे शिकवायच्या नमुन्यांचा संग्रह केलाय, २५ हजारांवर ट्वीट, चांगलं काम आहे. मालवणीत कोणी बाईला घाणेरडी धमकी लिहिली तर प्रमाण मराठीवर शिकलेल्या फिल्टरला ती कळेल याची खात्री कोण देणार. नकली आवाज ओळखण्याचंही तसंच. एएसव्हीस्पूफ म्हणून २०१५ पासून विद्यापीठांची स्पर्धा चालते, खरा आवाज आणि मशीनचा आवाज वेगळा ओळखायची, पण ज्या आवाजांवर असा ओळखणारा शिकतो त्यापेक्षा वेगळं काही आलं, फोनवरून दबलेला आवाज आला, की तो गडबडतो. काकूंच्या फोनवर उद्या कोणी "हा आवाज नकली वाटतो" असा इशारा द्यायचा म्हटलं तर त्या सिस्टिमला आपल्याकडचे खरे आवाज ऐकलेले असायला लागतील.

उलटी बाजूही सांगतो, याच डेटावरून मालवणी बोलणारा फसवा आवाजही बनवता येईल. म्हणून लायसन्स, म्हणजे डेटा कोणी कशाला वापरायचा त्याची लेखी परवानगी, महत्त्वाचं. वाणी, इंडिकव्हॉइसेस हे खुले आहेत, कोणीही घ्या. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी वेगळा रस्ता धरला, त्यांचं 'ते हिकू मीडिया' नावाचं रेडिओ केंद्र आहे, त्यांनी २०१८ मध्ये लोकांना हाक देऊन १० दिवसांत ३०० तासांहून जास्त आवाज जमवला, पण तो डेटा कंपन्यांना दिला नाही, समाजाच्या ताब्यात ठेवला आणि स्वतःच माओरी ओळखणारं मॉडेल बनवलं. आमच्या कोकणीला १९९२ मध्ये आठव्या परिशिष्टात जागा मिळाली म्हणून सरकारी २२ भाषांच्या प्रत्येक प्रकल्पात ती आपोआप येते. मालवणीला तसं कोणी नाही, ती मराठीच्या पोटात धरली जाते आणि मराठीचा डेटा गोळा करताना तिच्यापर्यंत कोणी पोचत नाही. तुमच्याकडे माणसं आलीत तर परत पाठवू नका.

कुडाळकर_स्पीच
@पेडणे_एमटेक बाकी सगळं मान्य, लायसन्सवर थोडं वेगळं मत आहे. पूर्ण बंद ठेवलं तर कंपन्यांच्या आधी नुकसान लोणेऱ्याच्या नाहीतर रत्नागिरीच्या कॉलेजातल्या पोरांचं होतं, त्यांना प्रोजेक्टला डेटा मिळत नाही. 'ते हिकू'कडे स्वतःचं केंद्र, स्वतःचे इंजिनिअर होते, आपल्या सोसायटीकडे सर्व्हर कोण सांभाळणार? माझ्या मते बोलणं ओळखायच्या कामाला खुलं ठेवावं आणि कोणा एकाचा आवाज तयार करायला, आवाजावरून माणूस ओळखायला वापरू नये अशी स्पष्ट अट घालावी. चोर अटी वाचत नाही हे बरोबर, पण कंपनी वाचते, तिला कोर्टाची भीती असते.

रापणकार
@कुडाळकर_स्पीच सर्व्हर नसला तरी हार्डडिस्क ठेवूक येता. एक प्रत सोसायटीत, एक ग्रामपंचायतीच्या वाचनालयात. माझ्या आजोबांचा आवाज मला परत मिळाला असता तर मी या विषयावर एवढा तापलो नसतो. कंपनीचं काय व्हायचं ते होवो, आमच्या माणसांचं बोलणं आमच्या नातवंडांना ऐकायला मिळालं पाहिजे, ही अट पहिली. पेडण्याच्या भावान सांगल्यान ता माका म्हायत नव्हता, की बोली बाहेर ठेवली तर पहारोच नाय. तेवढ्यासाठी मी विरोध सोडतो, हार्डडिस्कची अट सोडत नाही.

मिऱ्याबंदर
हार्डडिस्कला माझा पाठिंबा, फक्त त्यावर पासवर्डचं कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, असू दे आणि पासवर्ड डिस्कच्या डब्यावर चिकटवू नका. त्यात ज्यांनी गावाला ऐकवायला हो म्हटलंय तेवढीच रेकॉर्डिंग्ज. काही बायका नवऱ्याबद्दल, सासरबद्दल बोलतील, ते विद्यापीठाला चालेल पण गावाला ऐकवायला चालणार नाही असं होऊ शकतं. त्यासाठी फॉर्मवर दोन वेगळे रकाने करा.

सागरकन्या_मालवण
सगळ्यांचे मनापासून आभार, मिऱ्याबंदर दादा दोन रकान्यांचं तुम्ही बोललात ते मला सुचलंच नसतं, आणि आमच्याकडे ते फार महत्त्वाचं आहे.

काल त्या पीएचडीवाल्या मुलीशी फोनवर सविस्तर बोलले. तिनं राग मानला नाही, उलट लिहून घेतलं आणि सरांना विचारून संध्याकाळी परत फोन केला. फॉर्म मराठीत करणार आणि सही घ्यायच्या आधी मालवणीत वाचून दाखवणार. आधार काढून टाकलं. मानधन सोसायटीच्या खात्यात येईल, आम्ही सहीच्या रजिस्टरवर वाटायचं, म्हणजे कोणाचं खातं, मोबाईल काही त्यांच्याकडे जाणार नाही. एथिक्स कमिटीचं पत्र तिनं पाठवलं, ते मी पाहिलं, त्यात "इतर कामं" असं काही नाहीच, फॉर्म कुठल्या तरी जुन्या प्रकल्पाचं उचललेलं होतं. लिहून काढायचं काम आमच्या चार मुलींना देतील, त्यांना दोन दिवस शिकवणार आहेत. गुरुजी, तुमचं सांगितल्यावर त्यांनी कुडाळ आणि वेंगुर्ला बाजूची दोन गावं घ्यायची तयारी दाखवली, तुम्ही तिकडे मदत कराल का विचारतायत.

अडलंय ते एकाच जागी. ज्यांनी पैसे दिलेत त्यांची अट आहे की डेटा खुला करायचा, त्यामुळे नक्कल करायला वापरू नये ही ओळ घालता येईल का ते सरांना वर विचारावं लागेल म्हणतात. ते उत्तर लेखी आल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करायचं नाही असं मी कळवलंय. रापणकार, हार्डडिस्कला ते हो म्हणालेत, पण कोणाच्या ताब्यात ठेवायची हे सभेत ठरवावं लागेल, तुम्ही या.

नवीन फॉर्म आला की इथं टाकते, काही राहिलं असेल तर सांगा.

वेंगुर्ल्याचे_गुरुजी
मदत नक्की करीन. इकडच्या बाजारातल्या बायकांशी मी बोलून ठेवतो. फॉर्मचं मालवणी वाचनही मला पाठवा, "संमती" वगैरे शब्द सोडून साध्या बोलण्यात करून देतो.

कुडाळकर_स्पीच
ताई, लायसन्सच्या ओळीचा मसुदा मी आज रात्री करून इथं टाकतो, सरांना तोच पाठवा, त्यांना वर विचारायला सोपं जाईल. आणि संमती मागे घ्यायची शेवटची तारीख तुमच्या यादीत दिसली नाही, ती फॉर्मवर यायलाच हवी. ३१ जुलैनंतर माणसं समुद्रावर जातील आणि लगेच कोणी कोणाला सापडणार नाही, म्हणून तारीख घाईची नको, नारळी पौर्णिमेनंतरची एखादी धरा.